मोटारीचे दिवे आणि समोरच्याचे डोळे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककृती झाल्या, आरोग्यावर व्याख्याने झाली, मृत्युपत्र कसे करावे हे वकीलबाई येऊन सांगून गेल्या. आज मला मोटारीच्या दिव्यांवर बोलावयास सांगितले आहे. चिटणीसबाईंनी फलकावर विषय लिहिला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलेच, "हा काय बायकांचा विषय?" त्यांना माझे उत्तर एवढेच की आज बाहेर अंगणात ११ मोटारी आणि स्कूटरींची तर रांगच उभी आहे, आणि त्यांतील बहुतेक आपणच चालवीत आलो आहोत. ज्या चालवीत नाहीत त्या सभा संपल्यावर रस्त्याच्या कडेने पायी घरी जातील. तेव्हा दिव्याच्या मागे नाही तर दिव्याच्या पुढे, आपण आहोतच.

माझी ओळख बहुतेकींना आहे. हायवेच्या कडेला आमचे मोटारीच्या वायरिंगचे दुकान आहे. ह्यांनी ते घातले. ते गेल्यापासून १७ वर्षे मी आणि माझा मुलगा ते चालवितो. गाडीखाली निजून काम करणे मुलाकडे. गल्ला, माल आणि गिऱ्हाइकांशी बोलणे माझ्याकडे. दिव्याचा फोकस मात्र मी स्वतः बघते, कारण ह्यांनी मला ह्या धंद्यातले पहिल्याने शिकविले ते तेवढेच, आणि ते मला अजून आवडते.

आठवड्यातून चार-पाच गिऱ्हाइके तरी एकच मागणी घेऊन येतात. गाडी जुनी असो की नवी, दारातूनच म्हणतात, "काकू, ह्या पिवळ्या लाईटीने काही दिसत नाही. पांढरीशुभ्र बसवून द्या." आता ह्या पांढऱ्याशुभ्रमध्ये बरेच काही येते. एक म्हणजे जास्त वॅटचा बल्ब. आपल्या पुष्कळशा गाड्यांत जो हॅलोजन बल्ब असतो तो ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. बाजारात १००/९० चाही मिळतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर करंट ओढतात, १०० वॅटचे दोन जवळजवळ १७. वायर मात्र तीच, कंपनीने १० च्या हिशेबाने घातलेली. मग होल्डर वितळतो, आतला चकचकीत मुलामा करपतो, आणि तोच मनुष्य चार महिन्यांनी "लाईट पुन्हा मंद झाली" म्हणून येतो. दुसरे म्हणजे एचआयडीचे किट, ज्याबरोबर बॅलास्ट नावाची एक डबी येते. तिसरे, आणि हल्ली सगळ्यांत जास्त खपणारे, एलईडीचे बल्ब. त्यांच्या पाठीला लहानसा पंखा असतो. पंख्यामुळे दिव्यामागची रबरी टोपी नीट बसत नाही आणि पावसाळ्यात आत पाणी शिरते, पण तो दोष लहान. ह्याशिवाय कोणी अख्खा दिवाच बाहेरून आणतात, कोणी टपावर एलईडीची पट्टी लावतात.

हे सगळे लावणारी माणसे वाईट असतात असे नव्हे. त्यांना खरोखरीच दिसत नसते. दोष असा की आपल्या डोळ्यांपुढे जास्त उजेड पडला की दिवा चांगला झाला असे त्यांना वाटते. दिवा म्हणजे नुसता बल्ब नव्हे. ज्यांनी लहानपणी भिंतीवरची चिमणी पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. चिमणीच्या मागे पत्र्याची चकचकीत थाळी असे. वात थोडी वर-खाली झाली की उजेडाची जागा बदले. खाली ताटात पडणारा उजेड आढ्यावर जाई. मोटारीच्या दिव्यातही तसेच आहे. बल्बच्या आत दोन बारीक तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे तारेचा उजेड दिव्याच्या मागच्या आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून तो पुढे, खाली, रस्त्यावर उतरतो. वरच्या बाजूला अंधार राहतो. तो अंधार चुकून राहिलेला नाही, मुद्दाम राखलेला आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे त्या अंधारात असतात. डाव्या बाजूला ही उजेडाची रेघ थोडी वर चढते, म्हणजे आपल्या कडेचा पायी चालणारा लांबून दिसावा. उजवीकडे, जिथून समोरची गाडी येते, तिथे ती खालीच राहते. (म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या गाडीचा दिवा आपल्याकडे आणून बसविला की उलटे होते. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात; त्यांची रेघ उजवीकडे चढते, नेमकी समोरच्याच्या तोंडावर.)

ही सगळी किमया तारेच्या जागेवर अवलंबून आहे. तार मिलिमीटरभर सरकली तरी रेघ बिघडते. एलईडीच्या बल्बात तार नसतेच. चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना उजेडाचे ठिपके चिकटविलेले असतात. एचआयडीमध्ये एक ठिणगी असते, तिचा आकार निराळा आणि उजेडही निराळा. हॅलोजनच्या डिपरच्या तारेचा उजेड १,००० ल्युमेनच्या आसपास असतो, ३५ वॅटच्या एचआयडीचा ३,००० च्या वर. म्हणजे तिप्पट उजेड, आणि तो ठरलेल्या जागी न जाता चहूकडे. गाडीत बसलेल्याला समोरची झाडेसुद्धा उजळलेली दिसतात आणि तो खूष होतो. झाडे उजळली म्हणजेच समोरच्याचे डोळेही उजळले, हे त्याला कोणी सांगत नाही.

ज्या गाड्यांना कंपनीनेच एलईडीचे दिवे बसविलेले असतात त्यांची गोष्ट वेगळी. तिथे आरसा, भिंग आणि दिव्याचे ठिपके एकमेकांसाठी बनविलेले असतात, आणि गाडी बाजारात येण्यापूर्वी तिची तपासणी होते. आपल्या पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्था हेच काम करते. अर्थात कंपनीचा दिवाही उंच गाडीवर असला आणि फोकस हलला की डोळ्यांत जातोच. त्याबद्दल पुढे बोलेन.

आता डोळ्यांचे सांगते. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डोळा मंद उजेडाला सरावतो. एकाएकी प्रखर झोत आला की तो सराव मोडतो, आणि झोत निघून गेल्यावरही पुन्हा दिसू लागावयास काही सेकंद जातात. वय वाढले की जास्त सेकंद जातात. मोतीबिंदू धरू लागला असेल तर झोत डोळ्यातच पसरतो आणि समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद दिसले नाही तर ६६ मीटर रस्ता आपण आंधळ्याने कापला असे समजा.

आपल्या भागात त्या ६६ मीटरांत काय असू शकते हे मी कराडच्या बायकांना सांगावयास नको. गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्रभर रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. कित्येकांना मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाने झाकलेला. दोन हंगामांपूर्वी एक जीप आमच्या दुकानात वायरिंगला आली. पुढचा भाग सगळा आत गेलेला. चालविणारा मनुष्य साठीचा, भाजीची ने-आण करणारा, सवयीने सावकाश चालविणारा. तो म्हणाला, "वहिनी, समोरून एक मोटार आली. तिची लाईट अशी पांढरी, की मी हात डोळ्यांवर घेतला. ती गेली, आणि मला काही दिसायच्या आत ट्रॉलीवर जाऊन आदळलो." ट्रॉलीच्या मागच्या बाजूला बसलेली ऊसतोडीची एक बाई दोन महिने दवाखान्यात पडून होती. बीडकडून हंगामासाठी आलेली. तिच्या त्या दोन महिन्यांच्या मजुरीचे काय झाले हे विचारावयाचे मला धैर्य झाले नाही.

पंचनामा झाला. त्यात ट्रॉलीला मागे दिवा नव्हता असे लिहिले गेले, आणि ते खरे होते. जीपवाल्याने वेग आवरला नाही असेही लिहिले गेले. समोरून आलेल्या मोटारीचा उल्लेख कुठेच नव्हता. तिचा नंबर कोणी पाहिला नव्हता. पाहता आलाच नसता. तो मोटारवाला घरी जाऊन जेवून निजला असेल. आपल्या मागे काय झाले हे त्याला त्या रात्री कळले नाही आणि आजही ठाऊक नसेल. भगिनींनो, मला ह्या विषयात जे सांगावयाचे आहे ते ह्यातच आहे. घरातला पंखा बिघडला तर आपल्याला उकडते, चूल बिघडली तर आपला स्वयंपाक खोळंबतो. मोटारीचा दिवा ही एकच वस्तू मला अशी माहीत आहे की जिचा दोष मालकाला कधीच दिसत नाही, उलट गुणच दिसतो. तो भोगावा लागतो दुसऱ्याला, आणि तो दुसरा सांगावयास थांबत नाही.

मग हा दोष पाहावयाचा कोणी? तुम्ही म्हणाल, सरकारने. सरकारचा नियम तर फार चांगला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०५ वा नियम म्हणतो की रात्री दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतचे माणूस आणि वाहन स्पष्ट दिसले पाहिजे. आणि त्याच्या लगेच पुढचा, १०६ वा, म्हणतो की दिव्याचा झोत कायम खाली वळविलेला असावा, तो असा, की गाडीच्या पुढे ८ मीटरांवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा माणसाला तो दिपविणार नाही. पहिल्याने हे वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले. ८ मीटर म्हणजे नऊवारी लुगडे लांब पसरावे तेवढे अंतर. आणि दीड मीटर उंचीवर डोळा कोणाचा? पाच फूट तीन-चार इंच उंचीच्या, उभ्या असलेल्या बाईचा! ज्या कोणा अधिकाऱ्याने हे लिहिले त्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण मला तरी त्या जागी आपल्यातलीच कोणी पिशवी घेऊन उभी असलेली दिसते.

बाहेरचे दिवे बसविण्याविषयीही कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनास येईल तसा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा आहे. पुढच्या बाजूला शोधदिवा लावावयाचा तर नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. ज्यांनी टपावर पट्ट्या लावल्या आहेत त्यांपैकी कोणी ती घेतली असेल असे मला वाटत नाही.

नियम आहे, दंड आहे. तपासणी मात्र कधी होते पाहा. ट्रक, बस, टॅक्सी ह्यांना पासिंग आहे: नव्या गाडीचे पहिले प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि पुढे दरसाल. आपल्या घरच्या खाजगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षे चालते. १५ वर्षांनी ती पुन्हा अधिकाऱ्यापुढे न्यावयाची, आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी. मधल्या १५ वर्षांत तिचे दिवे कोणीही नेमाने पाहत नाही. धुराचे, म्हणजे पीयूसीचे, प्रमाणपत्र मात्र हल्लीच्या गाड्यांना दरसाल घ्यावे लागते. गाडीच्या मागून काय बाहेर पडते ते वर्षाला एकदा पाहावयाचे आणि पुढून काय बाहेर पडते ते १५ वर्षांनी, हा हिशेब मला आजपर्यंत समजलेला नाही. ते पीयूसीवाले पाच मिनिटे गाडीपाशी असतातच; तेवढ्यात समोरच्या भिंतीवर दिव्याची रेघ पाहून घेणे काही अवघड नाही.

आणि पासिंग होते तिथेही माणूस पळवाट काढतोच. "काकू, उद्या पासिंग आहे, आजच्या दिवस जुने बल्ब लावून द्या, परवा हे परत बसवू," असे गिऱ्हाइक आमच्याकडे आले नाही असा महिना जात नाही. २०२१ साली केंद्र सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. तिथे दिव्याचा फोकस यंत्राने मोजतात, तपासणाऱ्याच्या नजरेवर ते सोडत नाहीत. चांगलेच आहे. पण परवा बल्ब बदलला तर यंत्र काय करील?

परदेशात तरी काय आहे, असे मला मागच्या बैठकीत एकीने विचारले होते, कारण तिची मुलगी इंग्लंडात आहे. इंग्लंडात १९६० साली मोटारींची तपासणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षे जुन्या गाड्यांपुरती आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढ्यापुरतीच होती. पण इतक्या गाड्या नापास होऊ लागल्या की लवकरच ती सात वर्षांवर आणि १९६७ साली तीन वर्षांवर आणली. आज तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरसाल तपासणी. हॅलोजनच्या दिव्यात एचआयडीचा बल्ब घातलेला आढळला तर २०२१ पासून तिथे मोटार नापास करतात. जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी न्यावी लागते. गाडीला मंजूर नसलेला बल्ब घातला तर गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. तिथे सुट्या एलईडी बल्बला सरसकट बंदी आहे असेही नाही. २०२० पासून काही ठराविक बल्ब, ठराविक गाड्यांच्या ठराविक दिव्यांत घालावयास परवानगी मिळाली आहे. आधी त्या दिव्यात तो बल्ब घालून मोजमाप होते, मग परवानगी. हे मला फार पटले. पांढरा उजेड वाईट नाही, न मोजलेला उजेड वाईट. अमेरिकेत मात्र तपासणी ज्या त्या राज्याची. टेक्सास राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून खाजगी मोटारींची सुरक्षा तपासणी बंदच केली. तेव्हा परदेशात सगळे शहाणे आणि आपणच अडाणी, असे समजण्याचे कारण नाही.

ह्यावरून मी अशा मताला आले आहे की पुढली पुष्कळ वर्षे आपल्या घरच्या दिव्यांची तपासणी आपल्यालाच करावी लागणार. ती अवघड नाही. सपाट जागा पाहा, समोर भिंत हवी. चाकांत हवा बरोबर असू द्या आणि चालविणारीने जागेवर बसावे. पाचवारी साडी पसरली की साधारण ५ ते साडेपाच मीटर होतात, तेवढ्या अंतरावर दिवे भिंतीकडे करून गाडी उभी करा. (साडी जुनी घ्या, पैठणी नको.) दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तितक्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. आता डिपर लावा. दिवा शहाणा असेल तर भिंतीवर खाली उजेड आणि वर अंधार, अशी स्वच्छ कड दिसेल, डावीकडे थोडी चढलेली. तिचा सपाट भाग खडूच्या रेघेच्या सुमारे तीन बोटे खाली पाहिजे. रेघेच्या वर असेल तर फोकस चढलेला आहे. दिव्यामागे फिरवावयाचे स्क्रू असतात, कोणताही वायरिंगवाला पाच मिनिटांत उतरवून देईल. आणि जर भिंतीवर कडच दिसली नाही, नुसता सांडलेल्या दुधासारखा पांढरा डाग पसरला, तर बल्ब त्या दिव्याचा नाही. स्क्रू फिरवून तो सुधारत नाही. तो काढावाच लागतो.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. नऊवारी पसरा, तिच्या टोकाला गाडीच्या उजव्या अंगाला उभ्या राहा आणि मुलाला डिपर लावावयास सांगा. ज्या घरी दिव्यांवरून वाद आहे तिथे मुलालाच तिथे उभा करा आणि तुम्ही आत बसा.

डॅशबोर्डवर पुष्कळ गाड्यांत ०, १, २, ३ असे आकडे असलेली एक लहान फिरकी असते. ती कशाची हे मी दुकानात विचारते तेव्हा दहातून दोघांना सांगता येते. मागे माणसे बसली, डिकीत सामान भरले की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि पुढचा वर उचलला जातो, म्हणजे दिवेही आभाळाकडे बघू लागतात. अशा वेळी फिरकीचा आकडा वाढविला की दिवे खाली येतात. सगळे कुटुंब घेऊन रात्रीचे पंढरपूरला किंवा जोतिबाला निघता, तेव्हा आठवण ठेवा, आणि परत एकटीने चालविताना ती ० वर आणा.

"पण आम्हाला दिसत नाही त्याचे काय?" हा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. त्यावर आमचा अनुभव सांगते. दहा जुन्या गाड्यांतल्या सहा-सात गाड्यांत दोष बल्बच्या जातीचा नसतो. दिव्याची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडून खरखरीत झालेली असते. ती पॉलिश करून घ्यावी आणि वरून संरक्षक थर द्यावा. टूथपेस्टने घासण्याचा उपाय मोबाईलवर दाखवितात, तो पंधरा दिवस टिकतो. अर्थिंगची वायर गंजलेली असते. ती साफ केली की उजेड डोळ्यांदेखत वाढतो. बल्ब जुना झाला की आतून काळवंडतो. तो बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला, ६०/५५ चेच घ्या, वर्तुळातले ई अक्षर आणि त्याशेजारचा आकडा आहे का ते पाहा. बल्बच्या काचेला बोटे लावू नका. कपड्याने धरा, कारण बोटांचे तेल काचेवर राहिले तर ती तापून लवकर निकामी होते. आणि हे सगळे करूनही दिसत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या. हे मी थट्टेने म्हणत नाही. आमच्या दोन गिऱ्हाइकांना दिवे बदलावयाचे नव्हते, चष्म्याचा नंबर बदलावयाचा होता.

स्कूटरीवाल्यांनाही एक सांगते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करता येत नाही. भर दुपारी रस्त्यावरचा प्रत्येक परोपकारी मनुष्य हाताची बोटे उघडमीट करून "ताई, लाईट चालू आहे" असे आपल्याला सांगतो, त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावे. पण तो दिवा डिपरवर आहे की अप्परवर हे मात्र आपण पाहावे. कित्येक मुली अप्परवरच गाडी चालवीत असतात.

आता थोडे घरचे. हे सगळे मी इथे बोलते, पण दुकानात ते पाळणे सोपे गेलेले नाही. तीन वर्षांपूर्वी मुलगा मला म्हणाला, "आई, आपण नाही बसविले तर पुढच्या चौकात बसवितात. गाडी तीच, लाईट तीच, फक्त पैसे त्यांचे." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दसरा-दिवाळीला नव्या गाड्या निघतात तेव्हा ह्याच मालावर दुकाने चालतात. मी त्याला रागावले नाही. त्या जीपची पावती काढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "आठ दिवस विचार कर, मग तू सांगशील तसे." नवव्या दिवशी त्याने स्वतः रंगाऱ्याला बोलावून पाटी लिहून घेतली: बाहेरची लाईट बसवून मिळणार नाही, फोकस करून मिळेल. त्या वर्षी दिवाळीचा गल्ला निम्म्यावर आला. गेल्या वर्षी थोडा सावरला, पण पूर्वीइतका नाही, आणि तो होईल असे मला वाटत नाही. पाटी अजून आहे. तिच्याकडे पाहून परत जाणारी गिऱ्हाइकेही आहेत. एक मुलगा तर मला म्हणाला, "काकू, समोरचे सगळे लावतात, मग मीच का नको? मला तरी दिसले पाहिजे ना!" मी त्याला म्हटले, "बाबा, तू लावलीस की तुझ्या समोरचा आणखी मोठी लावील. मग तू कोणती लावशील?" तो हसला आणि पुढच्या चौकात गेला.

मंडळापुढे माझी मागणी लहान आहे. मार्गशीर्षातली आपली सहल रात्री परत येते. ह्या वर्षी बस ठरविताना चिटणीसबाईंनी भाड्याबरोबर फिटनेसचे प्रमाणपत्रही पाहावे, आणि बसच्या पुढे टपावर पट्टी असेल तर ती काढावयास सांगावे. आदल्या संध्याकाळी बस पाहावयास मी स्वतः येईन.

आणि येत्या शनिवारी काळोख पडल्यावर, सात वाजता, मंडळाच्या मागच्या अंगणात मी खडू आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थांबणार आहे. मागची भिंत नुकतीच रंगविली आहे, तिच्यावर रेघ छान दिसते. खडू पुसून देण्याची जबाबदारी माझी. ज्यांच्या मोटारी आहेत त्यांनी त्या आणाव्यात. मुलगाही येईल, त्याची मजुरी नाही. नऊवारी लुगडे घरी फक्त माझ्या सासूबाईंचे एक आहे आणि ते मी आणणार नाही, तेव्हा ज्यांच्याकडे जुनेरे असेल त्यांनी ते बरोबर घ्यावे.